पातळ स्लाइस रेझिनमध्ये टिकवायच्यात? मग आधी पाण्याचं बघा

शीट प्लॅस्टिनेशन, म्हणजे अवयवाची पातळ चकती रेझिनमधे (घट्ट होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकमधे) टिकवणं, करायचं म्हटलं की सगळे पहिला प्रश्न विचारतात तो रेझिन कुठलं घेऊ, केवढ्याला पडेल, जर्मनीहून मागवायला लागेल का वगैरे. माझं उत्तर ठरलेलं आहे, रेझिनचं नंतर बघू, तुमच्याकडे ॲसिटोन, म्हणजे टिश्यूतलं पाणी काढणारा ज्वलनशील द्रव, ठेवायला सुरक्षित डीप फ्रीझर आहे का आणि पावसाळ्यात तुमच्या लॅबमधे एसी चालू राहतो का ते आधी सांगा. कारण या कामातला सत्तर-ऐंशी टक्के वेळ टिश्यूमधलं पाणी काढण्यात जातो आणि शेवटी शीट दुधाळ झाली, स्लाइस आक्रसली, मधे पांढरे ढग आले असं जे काही होतं त्यातलं बहुतेक सगळं पाणी नीट न निघाल्याने होतं. आणि आपण बसलोय नवी मुंबईत, खाडीच्या काठावर, जिथे जून ते सप्टेंबर मीठसुद्धा बरणीत सुटं राहत नाही.

ज्यांनी हे बघितलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अवयवाची किंवा शरीराची ३ ते ५ मिलिमीटर जाडीची चकती कापायची, तिच्यातलं पाणी ॲसिटोनने काढायचं, मग व्हॅक्यूममधे ते ॲसिटोन काढता काढता त्याच्या जागी रेझिन आत ओढून घ्यायचं आणि दोन काचांच्या मधे ते कडक होऊ द्यायचं. हातात येतो तो एक कोरडा, वास न येणारा, पारदर्शक पत्रा, ज्यात स्नायू, शिरा, हाडं सगळं जागच्या जागी दिसतं. विद्यार्थी ग्लोव्हज न घालता हातात घेऊन लाइटसमोर धरतो, बाजूला सीटी स्कॅनची त्याच लेव्हलची प्लेट ठेवतो. एमबीबीएसच्या सध्याच्या अभ्यासक्रमात टी ८, टी १० आणि एल १ या मणक्यांच्या लेव्हलचे क्रॉस सेक्शन ओळखायला आहेतच, आणि फॉर्मॅलिनच्या टबमधून काढलेल्या जाड, राखाडी, ठिबकणाऱ्या तुकड्यावर ते शिकवणं किती अवघड जातं हे शिकवणाऱ्यालाच माहीत.

ही पद्धत गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ मधे हायडेलबर्ग युनिव्हर्सिटीत काढली. किडनीचे सलग पातळ काप करायचे होते आणि त्यासाठी खाटकाच्या दुकानातलं मांस कापायचं गोल पात्याचं मशीन वापरावं असं त्यांना सुचलं. मग ते काप द्रव प्लॅस्टिकमधे बसवताना हवेचे बुडबुडे पंपाने ओढून काढताना त्यांच्या डोक्यात आलं, की ॲसिटोनमधे भिजलेला काप असाच व्हॅक्यूममधे ठेवला तर ॲसिटोन बाहेर निघेल आणि प्लॅस्टिक आत शिरेल. सगळी कल्पना एवढीच. म्हणून सरावाची सुरुवात तुम्हीही किडनीवरच करा, तीसुद्धा बकऱ्याच्या.

माणसाच्या टिश्यूला थेट हात घालू नका. एक तर आपल्याकडे १९४९ चा ॲनाटॉमी ॲक्ट आहे, देहदानातून आलेली बॉडी मान्यताप्राप्त संस्थेतच राहते आणि तिचा कुठला भाग कुठे गेला याची नोंद एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) रजिस्टरला लागते, संशोधनासाठी वापरायचं असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी वेगळी. घरी, क्लासमधे, स्टुडिओत हे करायचा विषयच नाही. दुसरं म्हणजे देणाऱ्याने एकदाच दिलेलं असतं, त्यावर हात बसवायचा नसतो. तुर्भ्याला किंवा ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजूला कुठल्याही मटणवाल्या दादांना सकाळी सांगून ठेवा की किडनी अख्खी पाहिजे, वरची चरबी न सोलता, आणि भेजा पाहिजे तर कवटी फोडताना जपून. कॉलेजसाठी आहे म्हटलं की एरवी तुकडे करून देणारे पण नीट काढून देतात. बकऱ्याची किडनी आपल्यासारखी अनेक पिरॅमिडची नसते, कॉर्टेक्स (बाहेरचा थर) आणि मेड्युला (आतला भाग) मात्र सुरेख वेगळे दिसतात, त्यामुळे काम जमलं का नाही ते लगेच कळतं.

फिक्सिंग आणि कापणं

आधी फिक्स करायचं, म्हणजे टिश्यू कुजू नये म्हणून फॉर्मॅलिनमधे ठेवायचा. १० टक्के फॉर्मॅलिन, म्हणजे बाजारातल्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाणी नऊ भाग. किडनीला एक-दोन आठवडे पुरतात, भेजाला जास्त द्या, महिना तरी. मग रात्रभर वाहत्या पाण्याखाली ठेवा, फॉर्मॅलिन आत राहिलं तर पुढे रंगही बिघडतो आणि डोळेही जळतात. रक्तवाहिन्या दाखवायच्या असतील तर फिक्स करायच्या आधी रीनल आर्टरीतून (किडनीच्या धमनीतून) लाल रंगाचं लेटेक्स सोडता येतं, पण पहिल्या वेळेला हा नाद करू नका.

कापायचे दोन रस्ते. मेंदू असेल तर गोठवायचा नाही, बर्फाचे स्फटिक त्याची वाट लावतात, फ्रिजमधे ५ डिग्रीला थंड करून मीट स्लाइसरवर ४ मिलिमीटरच्या स्लाइस काढायच्या. बाकी अवयव आणि हाड असलेले भाग मात्र दगडासारखे कडक पाहिजेत, उणे ७० ते उणे ८० ला एक-दोन दिवस, आणि मग बँड सॉ, म्हणजे फिरत्या पट्ट्याची करवत. उणे ८० चा फ्रीझर बहुतेक मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीवाल्यांकडे असतो, त्यांच्याशी गोड बोलून एक कप्पा मिळवा. नसेल तर ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आणून थर्माकोलच्या पेटीत पॅक करा, तेही चालतं, फक्त खोलीची खिडकी उघडी ठेवा.

बँड सॉला एक मिलिमीटरच्या आसपास टिश्यू भुशात जातो हे धरून चाला, म्हणजे चार-चारच्या स्लाइस हव्या असतील तर प्रत्येक स्लाइसमागे पाचाचा हिशोब. पातं बारीक दातांचं घ्या. किडनी छोटी असल्यामुळे पात्यासमोर हातात धरायची नाही, तिला जिलेटिनच्या दाट द्रावणात साच्यात बसवून त्याच्यासकट गोठवा, ठोकळा तयार होतो, धरायला सोपा आणि स्लाइसची कडा तुटत नाही. कापायच्या आधी, हे फार महत्त्वाचं, उजवी बाजू कुठली आणि वरची बाजू कुठली याची खूण करा. ठोकळ्यात उजव्या कडेला एक रंगीत नायलॉनचा दोरा आरपार घातला तर प्रत्येक स्लाइसमधे एक ठिपका येतो. सीटी आपण पायाकडून बघतो, पेशंटची उजवी बाजू आपल्या डावीकडे, आणि पारदर्शक शीट दोन्हीकडून दिसते म्हटल्यावर खूण नसेल तर डावी किडनी की उजवी यावर व्हायवात भांडणं होतील.

स्लाइस कापली की तिच्यावरचा भुसा गोठलेला असतानाच ब्रशने किंवा थंड पाण्याच्या बारीक धारेने काढायचा. तो एकदा वितळला तर चिकटतो आणि शेवटपर्यंत धुरकट थर दिसतो. मग प्रत्येक स्लाइस प्लॅस्टिकच्या जाळीवर, त्यावर दुसरी जाळी, अशी चळत बांधून लगेच थंड ॲसिटोनमधे. जाळी पॉलिप्रोपिलीनची घ्या, कीटकांसाठी खिडकीला लावतो ती नायलॉनची पण चालते, साधं पॉलिस्टायरीन मात्र ॲसिटोनमधे विरघळतं. बँड सॉच्या खोलीत ॲसिटोनचा डबा आणायचाच नाही, मोटरच्या ठिणगीचं काही सांगता येत नाही.

ॲसिटोन, म्हणजे मुख्य काम

इथे थोडं सविस्तर लिहितो कारण इथेच सगळे घाई करतात.

ॲसिटोन उणे २५ डिग्रीला ठेवायचं. यामागे दोन कारणं आहेत. एक, गोठलेल्या स्लाइसमधलं बर्फ हळूहळू ॲसिटोनमधे उतरतं आणि जागा ॲसिटोन घेतं, स्लाइसचा आकार तसाच राहतो, हेच तुम्ही ३० डिग्रीच्या ॲसिटोनमधे टाकलं तर पाणी भसकन बाहेर येतं आणि किडनीची सुकट होते. दुसरं कारण आगीचं. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे १८-२० च्या आसपास आहे, म्हणजे उणे २५ ला ते ठिणगीने पेट घेईल एवढी वाफ सोडत नाही, पण लाइट गेली, तापमान चढलं, की तोच फ्रीझर बॉम्ब. हवेत अडीच टक्के वाफ झाली की ती पेटू शकते. म्हणून घरगुती फ्रिज किंवा आइस्क्रीमवाल्याचा चेस्ट फ्रीझर जसाच्या तसा अजिबात वापरायचा नाही, आत थर्मोस्टॅट असतो, दिवा असतो, स्विच असतो. एक तर स्पार्क-प्रूफ लॅबचा घ्या, नाहीतर फ्रीझरच्या जाणकार माणसाकडून आतली सगळी इलेक्ट्रिकल बाहेर काढून घ्या आणि कॉलेजच्या सेफ्टी ऑफिसरला दाखवून सही घ्या. वाफ हवेच्या दुप्पट जड असते, जमिनीलगत पसरते, त्यामुळे छताजवळचा एक्झॉस्ट फॅन शोभेपुरता, हवा खेचायची सोय खाली फरशीजवळ पाहिजे आणि मोटर वाफेच्या वाटेत नको. महावितरणची मेंटेनन्सची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवायची, त्या दिवशी झाकण उघडायचं नाही, आणि लाइट परत आली तरी आधी खोली मोकळी करून वारा खेळू द्यायचा, मग पुढचं.

प्रमाण एकास दहा, म्हणजे टिश्यू एक लिटर तर ॲसिटोन दहा लिटर. पहिल्या बाथला, म्हणजे ॲसिटोनमधे पहिल्यांदा भिजत ठेवताना, कमी शुद्ध, आधी वापरलेलं नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांचं ॲसिटोन चालतं, दुसऱ्याला बरं, तिसऱ्याला नवं कोरं. ४ मिलिमीटरच्या किडनीला प्रत्येक बाथमधे दोन-तीन दिवस पुरतात, रोज एकदा जाळी हलकी हलवायची. कधी थांबायचं ते कॅलेंडर ठरवत नाही, ॲसिटोनोमीटर ठरवतो. शेवटच्या बाथमधलं रीडिंग ९९ टक्क्यांच्या वर आलं आणि दुसऱ्या दिवशी पण तिथेच राहिलं की झालं. खाली उतरलं तर अजून पाणी येतंय, अजून एक बाथ.

आता ॲसिटोनोमीटरची गंमत. तो म्हणजे साधा हायड्रोमीटर, घनता मोजतो आणि टक्के सांगतो, बहुतेकांवर २० डिग्री किंवा १५ डिग्री असं छापलेलं असतं. ॲसिटोनची घनता २० डिग्रीला ०.७९ च्या जवळ, तापमान एक डिग्रीने वाढलं की ती साधारण ०.००११ ने उतरते. पाणी एक टक्का वाढलं की ती ०.००३ च्या आसपास चढते. म्हणजे तुम्ही मे महिन्यात ३० डिग्रीच्या खोलीत २० डिग्रीचा मीटर बुडवला तर तो तीन-चार टक्के पाणी बिनबोभाट लपवतो. मीटर म्हणेल ९९ च्या वर आणि आत असेल ९६. आणि उणे २५ च्या थंड ॲसिटोनमधे थेट बुडवलात तर उलटी चूक. सॅम्पल काढा, बंद बाटलीत मीटरवर लिहिलेल्या तापमानाला आणा, थर्मामीटरने बघा, मगच वाचा. एवढी एक सवय लागली तर पुढची निम्मी डोकेदुखी जाते असं मला वाटतं.

दुसरा शत्रू हवा. ॲसिटोन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पावसाळ्यात आपल्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही. थंड डबा उघडला की झाकणाच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि थेंब थेंब आत पडतं, तुम्ही तीन बाथमधे जे काढलं ते वरून परत येतं. झाकण उघडायचं तर एसी आधी तासभर चालवून, झटपट, आणि जाळी एका डब्यातून दुसऱ्यात नेताना मधे टेबलावर ठेवायची नाही. चरबी काढायच्या, खोलीच्या तापमानाच्या स्टेपला जायचं असेल तेव्हा डबा बंद ठेवूनच वर येऊ द्या, गार डबा उघडू नका. शेवटच्या बाथच्या ॲसिटोनमधे ३ ए ची मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे दाणे) टाकून ठेवली तर फार मदत होते, वेगळ्या जाळीच्या पिशवीत, स्लाइसवर धूळ नको. शक्य असेल तर डिहायड्रेशनचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत काढा आणि पावसाळा कटिंग, लेबलिंग, कागदपत्रं यात घालवा, हा माझा अगदी प्रामाणिक सल्ला.

पाणी गेल्यावर चरबी. चरबी राहिली तर ती शीटमधे पांढरट, अपारदर्शक दिसते आणि काही महिन्यांनी तेलकट डाग पडतात. बॉडी स्लाइस असतील तर स्लाइस खोलीच्या तापमानाच्या ताज्या ॲसिटोनमधे ठेवायच्या, आठवडाभर किंवा चरबी पारदर्शक दिसेपर्यंत, ॲसिटोन पिवळं पडलं की बदलायचं. मिथिलीन क्लोराइड जास्त लवकर काम करतं पण ते श्वासातून घातक आहे, फ्यूम हूड नसेल तर विसरा. मेंदूची चरबी मात्र काढायची नाही, तिथला ग्रे (करडा) आणि व्हाइट (पांढरा) भागातला फरक चरबीमुळेच दिसतो, मेंदूला थंड बाथ झाले की थेट पुढे.

रेझिन

दोन घराणी आहेत. इपॉक्सी, त्यात बायोडूर कंपनीचं ई१२ सगळ्यात प्रसिद्ध, आणि पॉलिस्टर, म्हणजे पी३५ किंवा पी४०. इपॉक्सी बॉडी स्लाइससाठी आणि किडनीसाठी, त्यात टिश्यू पारदर्शक होतो. पॉलिस्टर मेंदूसाठी, त्यात कॉर्टेक्स आणि आतला पांढरा भाग स्पष्ट वेगळे राहतात. पारदर्शक का होतो तर पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.३३ आणि टिश्यूतल्या प्रथिनांचा, चरबीचा त्याहून बराच जास्त, प्रकाश प्रत्येक सीमेवर विखुरतो म्हणून मांस अपारदर्शक. पाण्याच्या जागी दीडच्या आसपासचं इपॉक्सी आलं की विखुरणं कमी, प्रकाश आरपार. हे तत्त्व जुनंच आहे, जर्मनीत लाइपझिगला श्पाल्टेहोल्ट्झ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेलात ठेवून अख्खे अवयव पारदर्शक केले होते, पण ते तेलाच्या बरणीतच राहायचे. आणि यातच परत पाण्याचा मुद्दा येतो, एक-दोन टक्के पाणी आत राहिलं की ते सूक्ष्म थेंबांच्या रूपात रेझिनमधे अडकतं आणि ढग दिसतो. मग कितीही महागाचं रेझिन घ्या.

ई१२ मधे हार्डनर (घट्ट करणारं रसायन) ई१ वजनाने मिसळायचा, शंभर भागाला साधारण २८, बाकी मऊपणा आणि वेगासाठी जे घालायचं ते कंपनीच्या शीटप्रमाणे. मापाने नाही, वजनाने, आणि वजनकाटा एक ग्रॅमचा नको, दशांश दाखवणारा पाहिजे. हार्डनर घातल्या क्षणापासून घड्याळ चालू होतं, आणि तापमान दहा डिग्रीने वाढलं की वेळ जवळजवळ निम्मा होतो. जाड मगमधे भरपूर मिश्रण करून ठेवलंत तर तो स्वतःच तापतो आणि बघता बघता धूर. पसरट ट्रेमधे करा आणि एसी लावून ठेवा. सरावासाठी आर्ट रेझिन, ते की-चेन आणि घड्याळं बनवतात ते, घेतलं तर कास्टिंगचा हात बसवायला छान, पण इम्प्रेग्नेशनला, म्हणजे व्हॅक्यूममधे रेझिन आत ओढायला, नको, अर्ध्या-पाऊण तासात जाड होतं आणि आपलं काम तासन् तास चालतं.

व्हॅक्यूम. चेंबर जाड स्टीलचा आणि वर जाड काचेचं झाकण. ॲक्रिलिकच्या चेंबरला ॲसिटोनच्या वाफेने बारीक चिरा जातात, आणि चिरा गेलेला चेंबर व्हॅक्यूमखाली कधी आत फुटेल याचा नेम नाही. पंप एसी मेकॅनिक वापरतात तो टू-स्टेज पण चालतो, फक्त तो खोलीबाहेर, एक्झॉस्टची नळी मोकळ्या हवेत, आणि पंपाचं तेल दर वेळी बदला कारण ॲसिटोन त्यात उतरून ते पातळ करतं. दाब मोजायला साधा घड्याळासारखा गेज नको. तो बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो आणि आपल्याकडे जुलैत हवेचा दाब जानेवारीपेक्षा सात-आठ मिलिमीटर पाऱ्याने कमी असतो, नेमकी आपल्याला लागते तेवढीच चूक. ॲब्सोल्यूट डिजिटल गेज घ्या.

ॲसिटोनमधून स्लाइस काढून क्षणभर निथळू द्या, वाळू देऊ नका, कोपरा जरी पांढरा दिसला तरी तिथे हवा शिरली. सरळ रेझिनमधे बुडवा. आता दाब हळू हळू उतरवायचा. ३० डिग्रीला ॲसिटोन साधारण २८५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला उकळतं, २० ला १८५, शून्याला ७०, उणे २५ ला १६. म्हणजे तुमची खोली किती गरम आहे त्यावर बुडबुडे कधी सुरू होणार ते ठरतं. बुडबुडे मोठे, संथ, स्लाइसच्या पृष्ठभागावरून सुटे सुटे वर यायला हवेत. भाताच्या पेजेसारखं फसफसायला लागलं तर व्हॉल्व्ह उघडून जरा दाब वाढवा, घाईत आतलं ॲसिटोन जेवढं बाहेर जातं तेवढं रेझिन आत शिरू शकत नाही आणि स्लाइस आक्रसते. बुडबुडे मंदावले की आणखी थोडं खाली, असं करत करत शेवटी ई१२ साठी दोन ते पाच मिलिमीटरपर्यंत. बुडबुडे थांबले म्हणजे झालं.

पॉलिस्टरमधे एक अडचण वेगळी, त्यात स्टायरीन असतं आणि खोलीच्या तापमानाला ते पाच ते नऊ मिलिमीटरला स्वतःच उकळायला लागतं, तेव्हा पी४० ला दहा-पंधराच्या खाली नेऊ नका, नाहीतर ॲसिटोन गेलं समजून तुम्ही स्टायरीनचे बुडबुडे मोजत बसाल. स्टायरीनचा वास डोक्यात जातो, ऑरगॅनिक व्हेपरचा मास्क लावा, कापडी मास्कचा काही उपयोग नाही. आणि पी४० उजेडाने घट्ट होतं, खिडकीवर पडदा, डबा काळ्या कागदात.

काचा

दोन काचा, तीन ते पाच मिलिमीटर जाड, कडा घासलेल्या, ग्लासवाल्याला सांगा म्हणजे बोटं कापणार नाहीत. साधी काच घ्या, लॅमिनेटेड नको, तिच्या मधल्या थरातून अल्ट्राव्हायोलेट जात नाही आणि पी४० आत तसंच ओलं राहील. इपॉक्सी काचेला चिकटून बसतं म्हणून आतल्या बाजूला पातळ पारदर्शक पॉलिस्टर फिल्म लावा, पूर्वी ओव्हरहेड प्रोजेक्टरला लागायची तसली. तिन्ही कडांना गॅस्केट म्हणून फिशटँकच्या दुकानात मिळते ती सिलिकॉनची नळी, पीव्हीसीची नको, स्टायरीनमधे फुगते. नळी स्लाइसपेक्षा दोन मिलिमीटरने जाड पाहिजे. बाजूने बाइंडर क्लिपा, आणि उभं करून वरच्या मोकळ्या कडेने रेझिन ओतायचं, काठाकाठाने, बारीक धारेने.

स्लाइस आत सरकवल्यावर तिच्याखाली अडकलेले बुडबुडे लांब बारीक तारेने वर आणा. याला वेळ लागतो आणि मान दुखते, दुसरं काही नाही. मग साचा पुन्हा थोडा वेळ हलक्या व्हॅक्यूमला, आणि जरा तिरका, पंधरा डिग्रीवर टेकवून ठेवा म्हणजे उरलेले वर येतील. इपॉक्सी दिवसभर खोलीत चिकट होऊ द्या, मग ओव्हनमधे ४० ते ४५ डिग्रीला काही दिवस. जास्त तापवून लवकर संपवू म्हणाल तर पिवळं पडेल. पी४० ला दोन्ही बाजूने यूव्हीए ट्यूब आणि बाजूला टेबल फॅन, तासाभरात होतं, पण फॅन नसेल तर उष्णतेने तडा जातो. गच्चीवर उन्हात वाळवू हा विचार मनात येतोच, करू नका, एक बाजू आधी घट्ट होऊन शीट वाकते.

काच काढताना पातळ पट्टी कडेला सरकवून सावकाश उचकटायची. शीट निघाली की लगेच क्लिंग फिल्म गुंडाळा, ओरखडे फार पटकन पडतात. कडा बँड सॉने कापा, सँडपेपरने घासा, घासताना मास्क.

उजेडाकडे धरून बघा. सगळीकडे एकसारखा पातळ ढग असेल तर पाणी राहिलंय. चरबीच्या जागीच पांढरं असेल तर चरबी काढताना घाई झाली. मधोमध चंदेरी, चमकणारे ठिपके असतील तर रेझिन आत गेलंच नाही, व्हॅक्यूम कमी पडला किंवा स्लाइस आधी वाळली. शीट नखाने दबते, चिकट आहे, तर एक तर हार्डनरचं वजन चुकलं नाहीतर ॲसिटोन आत राहिलं. यातलं नंतर दुरुस्त करता येत नाही काहीच, पुढच्या बॅचला सुधारायचं.

ठेवायचं कुठे, तर खिडकीपासून लांब, इपॉक्सी उन्हाने वर्षागणिक पिवळं होतं. उभ्या खाचांच्या लाकडी रॅकमधे, एकमेकांवर रचून नाही. लेबल शीटवर चिकटवू नका, कोपऱ्यात नंबर कोरा आणि रजिस्टरमधे नंबरासमोर लेव्हल, बाजू, तारीख, कुठल्या बाथला किती दिवस होते ते सगळं लिहा.

उरलेलं ॲसिटोन सिंकमधे ओतायचं नाही, ते पहिल्या बाथसाठी साठवा आणि अगदीच निकामी झालं की घातक कचऱ्याच्या अधिकृत एजन्सीला द्या, नवी मुंबईला तळोजा जवळच आहे. माणसाच्या टिश्यूचा भुसा, जाळीवरचे कण, ग्लोव्हजवर चिकटलेले तुकडे, सगळं पिवळ्या पिशवीत, २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांत ते तसंच सांगितलंय. बकऱ्याच्या किडनीचंही फॉर्मॅलिन लागलेलं उरलंसुरलं कुत्र्यामांजरांना टाकायचं नाही, हे हाताखालच्या मामांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.